अडतीस पॉइंट नऊ म्हणजे किती ताप? तापमानाची मापं समजून घेऊ या

गेल्या जुलैतली गोष्ट. फोंड्यात त्या रात्री पाऊस नुसता कोसळत होता, दिवे दोनदा जाऊन आले होते. साडेदहाच्या सुमाराला शेजारची सून छत्री न घेताच दारात येऊन उभी राहिली. "बाई, नव्या थर्मामीटरवर बाळाला अडतीस पॉइंट नऊ येतंय. सासूबाई म्हणतात, शंभराच्या खाली आहे, ताप नाही. पण अंग तर भाजतंय हो!"

"अगं, अडतीस पॉइंट नऊ म्हणजे एकशेदोन. आधी डॉक्टरांना फोन कर," मी म्हटलं. तिने केला. बाळ दोन दिवसांत खेळायला लागलं.

सासूबाईंना मी दोष देत नाही. "शंभराच्या वर गेला की ताप" हे वाक्य त्यांनी चाळीस वर्षं वापरलं आणि ते एकदाही चुकलं नाही, कारण घरातला काचेचा थर्मामीटर फॅरनहाइटचा होता. नवा आला तो सेल्सिअसचा. आकडा बदलला, पण त्यामागचं माप बदललंय हे त्यांना कोणी सांगितलंच नाही.

मी एकतीस वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. "सेल्सिअसला नऊ छेद पाचने गुणा, बत्तीस मिळवा" हे सूत्र मुलं घडाघडा म्हणायची, पेपरात गुणही मिळवायची. पण रात्री साडेदहाला, घाबरलेल्या डोक्याला नऊ आधी की पाच आधी हे आठवत नाही. म्हणून या लेखात सूत्राला मी मागे बसवणार आहे. तापमानाच्या कुठल्याही मापाबद्दल दोनच गोष्टी कळल्या की पुरे: मोजणी कुठून सुरू होते आणि एक पायरी केवढी आहे. बाकी सगळं त्यातून आपोआप निघतं.

एका टेकडीवरचे दोन जिने

पणजीची अल्तिनोची टेकडी डोळ्यांसमोर आणा. समजा तिच्यावर चढणारे दोन जिने शेजारीशेजारी आहेत. टेकडीचा पायथा म्हणजे पाण्याचा बर्फ होतो ते तापमान आणि माथा म्हणजे पाणी उकळतं ते तापमान. पहिल्या जिन्याला या दोहोंच्या मध्ये १०० पायऱ्या आहेत. पायथ्याशी ० लिहिलंय, माथ्यावर १००. हा सेल्सिअसचा जिना.

दुसऱ्या जिन्याच्या पायऱ्या बुटक्या आहेत. तेवढ्याच उंचीत त्या १८० बसतात. शिवाय त्याची मोजणी पायथ्यापासून सुरू झालेली नाही, ती ३२ पायऱ्या खालून सुरू झाली आहे. त्यामुळे पायथ्याशी ३२ आणि माथ्यावर ३२ अधिक १८०, म्हणजे २१२. हा फॅरनहाइटचा जिना.

१८० भागिले १०० म्हणजे १.८. सेल्सिअसची एक पायरी चढलात की फॅरनहाइटच्या १.८ पायऱ्या चढून होतात. नऊ छेद पाच म्हणतात तो हाच १.८, आणि सूत्रातला ३२ हा दुसऱ्या जिन्याच्या खाली राहिलेल्या पायऱ्यांचा हिशोब. हे चित्र डोक्यात बसलं तर ३२ केव्हा मिळवायचे आणि केव्हा वजा करायचे हा गोंधळ राहत नाही. सेल्सिअसवरून फॅरनहाइटकडे जाताना आधी पायऱ्या बदला, मग ३२ मिळवा. उलट येताना आधी ते जादाचे ३२ काढून टाका, मगच पायऱ्या बदला.

हे ३२ आले कुठून, असा प्रश्न वर्गात एखादं तरी मूल विचारायचंच. डॅनिएल गॅब्रिएल फॅरनहाइट यांचा जन्म १६८६ चा, डान्झिगचा, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दान्स्कचा. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी नेदरलँड्समध्ये उपकरणं बनवण्यात घालवला. १७२४ मध्ये त्यांनी आपलं माप प्रसिद्ध केलं. बर्फ, पाणी आणि नवसागर एकत्र केल्यावर जी कडक थंडी मिळते तिथे त्यांनी ० ठेवला, पाणी-बर्फाच्या साध्या मिश्रणाला ३२ दिले आणि निरोगी माणसाच्या शरीराला ९६. क्षार घातल्यावर बर्फाचं मिश्रण शून्य सेल्सिअसच्याही खाली जातं, हे आपल्याकडे कोणालाही पटेल. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्याभोवती बर्फात खडेमीठ घालतात ते याचसाठी, आणि बर्फाच्या कारखान्यात पाण्याचे डबे खारवणात बुडवून गोठवतात तेही याचसाठी. पुढे माप नीट बांधताना पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ वर पक्का केला, तेव्हा शरीराचं तापमान ९६ वरून सरकून ९८.६ च्या आसपास आलं.

अँडर्स सेल्सिअस हे स्वीडनमधल्या उप्सालाचे खगोलशास्त्रज्ञ. त्यांनी १७४२ मध्ये शंभर भागांचं माप मांडलं, पण ते उलटं होतं: उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १००. १७४४ मध्ये ते वारले आणि त्यानंतर थोड्याच काळात ते आजच्यासारखं सुलटं झालं. दोनशे वर्षं त्याला सेंटिग्रेड म्हणत. सेल्सिअस हे नाव १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं. म्हणजे सेंटिग्रेड आणि सेल्सिअस एकच, मध्ये काहीही बदलायचं नसतं. जुन्या पुस्तकांतून शिकलेले लोक हा प्रश्न अजून विचारतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आमच्या घरात ही दोन्ही मापं एकाच वेळी नांदली. आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, ते ताप "एकोणचाळीस" असा सांगायचे. पोर्तुगालने १८५२ मध्येच मेट्रिक पद्धत स्वीकारली होती. आई लग्न होऊन बेळगावहून आली, ती "एकशेदोन" म्हणायची. दोघं एकाच मुलाबद्दल बोलत असायचे आणि दोघंही बरोबर असायचे. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, हवामानाच्या बातम्या सेल्सिअसमध्ये आल्या. पण तापाचं मोजमाप बहुतेक घरांत आणि दवाखान्यांत फॅरनहाइटमध्येच राहिलं.

पहिली पायरी: आकडा कुठल्या मापात आहे ते ओळखा

गणित करण्याआधी हे करा. ते सोडलं तर पुढचं सगळं बरोबर असूनही उत्तर चुकतं.

माणसाच्या तापात गोंधळाला जागाच नाही. जिवंत माणसाचा आकडा सेल्सिअसमध्ये साधारण ३५ ते ४२ असतो आणि फॅरनहाइटमध्ये ९५ ते १०७. दोन्ही पट्टे कुठेच एकमेकांवर येत नाहीत. त्यामुळे थर्मामीटरवर चिन्ह पुसलेलं असलं तरी आकड्यावरूनच माप कळतं. गोव्याच्या हवेचंही तसंच आहे. जानेवारीच्या पहाटे वीस, मे महिन्याच्या दुपारी तेहतीस-चौतीस, हे सेल्सिअस. मोबाइलवर अचानक ८८ दिसायला लागलं तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये एकक बदललं गेलंय, एवढंच समजा.

ओव्हनमध्ये मात्र सांभाळा. सेल्सिअसचा ओव्हन साधारण १०० ते २५० पर्यंत जातो, फॅरनहाइटची कृती २०० पासून ४५० च्याही पुढे जाते. २०० ते २५० हा टापू दोन्हीकडे आहे. "२२५ वर ठेवा" असं कोणी नुसतं लिहिलं तर थांबा आणि पदार्थ काय आहे ते बघा. २२५ फॅरनहाइट म्हणजे जेमतेम १०७ सेल्सिअस, त्यात मेरँगसारखं (अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून केलेलं) काहीतरी सुकवतात. २२५ सेल्सिअसला पाव भाजतात.

सगळ्यात फसवा आकडा शून्य. फ्रीझरवर ० दिसला आणि तो फॅरनहाइटचा असेल तर फ्रीझर अगदी योग्य आहे, कारण ० फॅरनहाइट म्हणजे उणे १७.८ सेल्सिअस. फ्रीझर उणे १८ वर ठेवा असं सगळीकडे सांगतात, तो हाच आकडा. पण तोच ० सेल्सिअसचा असेल तर जूनमध्ये मासेमारी बंद होण्याआधी भरून ठेवलेली इसवण आणि सुंगटं नीट गोठलेलीच नाहीत. आणि फ्रिजच्या आतल्या गोल बटणावरचे १ ते ७ हे अंश नव्हेत. ते फक्त थंडाव्याचे टप्पे आहेत, बहुतेक फ्रिजमध्ये मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. फ्रिजचा खालचा भाग ४ सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे ४० फॅरनहाइटच्या जवळ हवा. हे बघायचं तर फ्रिजचा छोटा थर्मामीटर आणून पाण्याच्या पेल्यात रात्रभर आत ठेवावा लागतो.

दुसरी पायरी: खुणेचे आकडे पाठ करा

पाठांतर मला फारसं आवडत नाही, पण हे करावंच. सेल्सिअसमध्ये पाच पुढे गेलात की फॅरनहाइटमध्ये नऊ पुढे जा. कधीच चुकत नाही:

० म्हणजे ३२
५ म्हणजे ४१
१० म्हणजे ५०
१५ म्हणजे ५९
२० म्हणजे ६८
२५ म्हणजे ७७
३० म्हणजे ८६
३५ म्हणजे ९५
४० म्हणजे १०४

मधला आकडा हवा असेल तर जवळच्या खुणेवर उभे राहा आणि एकेका अंशाला १.८ चाला. ३७ हवेत? ३५ म्हणजे ९५, पुढे दोन अंश म्हणजे ३.६, बेरीज ९८.६. झालं. मुलांना आवडणाऱ्या आणखी दोन खुणा म्हणजे १६ आणि ६१, २८ आणि ८२. आकडे उलटे केले की उत्तर येतं. अर्ध्या अंशाइतकाही फरक पडत नाही.

तिसरी पायरी: तोंडी हिशोब

सेल्सिअसवरून फॅरनहाइटकडे जायला माझी आवडती रीत ही: दुप्पट करा, दुपटीचा दहावा हिस्सा वजा करा, ३२ मिळवा. १.८ म्हणजे २ वजा ०.२, म्हणून हे उत्तर अंदाजे नाही, तंतोतंत येतं. वर्तमानपत्रात पणजीचं कमाल तापमान ३३.४ आहे असं धरा. दुप्पट ६६.८. दहावा हिस्सा ६.६८, तो वजा केला की ६०.१२. त्यात ३२ मिळवले की ९२.१२. अमेरिकेतल्या भाच्याला सांगायचं तर "ब्याण्णव" पुरे.

उलट यायचं तर ३२ वजा करा, अर्धं करा, मग त्या अर्ध्याचा दहावा हिस्सा त्यातच मिळवा. १०१ घ्या. ३२ गेले, ६९ उरले. अर्धे ३४.५. दहावा हिस्सा ३.४५. बेरीज ३७.९५. खरं उत्तर ३८.३ आहे, म्हणजे आपण थोडे कमी पडलो. का? कारण मिळवायचा असतो नववा हिस्सा, दहावा नव्हे. मग दहाव्या हिश्शाचाही दहावा हिस्सा, म्हणजे ०.३४५, आणखी मिळवा. ३८.२९ झालं. तापासाठी ही दुसरी बेरीज नक्की करा, कारण तिथे ०.३-०.४ अंशालाही अर्थ आहे. ओव्हनसाठी पहिल्यावरच थांबलात तरी केक बिघडणार नाही.

आणखी एक रीत आहे, आणि एकतीस वर्षांत सगळ्यात जास्त आनंद मला तीच शिकवताना झाला. दोन जिन्यांवर एकच जागा अशी आहे जिथे दोन्हीकडे एकच आकडा लिहिलेला आहे: उणे ४०. उणे ४० सेल्सिअस म्हणजे उणे ४० फॅरनहाइटच. मग मोजणी तिथूनच का सुरू करू नये? आकड्यात ४० मिळवा. सेल्सिअस असेल तर १.८ ने गुणा, फॅरनहाइट असेल तर १.८ ने भागा. मग ४० वजा करा. दोन्ही दिशांना एकच रीत. १०२ चा ताप: १४२, भागिले १.८ म्हणजे ७८.९, वजा ४०, उत्तर ३८.९. शेजारच्या बाळाचा आकडा तोच.

उणे ४० हे गोव्यातल्या वाचकाला दूरचं वाटेल, पण ते वास्कोतल्या काही लोकांच्या कामाचा भाग आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्यातूनच निघाली होती, आणि आज मैत्री आणि भारती या अंटार्क्टिकावरच्या आपल्या स्थानकांचा कारभार हेडलँड सड्यावरच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. अंटार्क्टिकावरच्याच व्होस्टोक या रशियन स्थानकात २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ सेल्सिअस नोंदलं गेलं. आपल्या रीतीने करून बघा: उणे ८९.२ अधिक ४० म्हणजे उणे ४९.२. गुणिले १.८ म्हणजे उणे ८८.५६. वजा ४० म्हणजे उणे १२८.५६. ऋण आकड्यांना घाबरणारी मुलंही ही रीत चुकवत नाहीत.

तापाची चिठ्ठी

त्या रात्रीनंतर मी शेजारच्यांना एक चिठ्ठी लिहून दिली. ती त्यांच्या औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. तुम्हीही करा:

३६ म्हणजे ९६.८
३७ म्हणजे ९८.६
३८ म्हणजे १००.४ (इथून पुढे ताप)
३९ म्हणजे १०२.२
४० म्हणजे १०४
४१ म्हणजे १०५.८

सासूबाईंचं "शंभराच्या वर" हे वाक्य सेल्सिअसमध्ये "अडतीसच्या वर" असं होतं. एवढं एकच त्यांनी लक्षात ठेवलं तरी काम भागतं. काखेत घेतलेलं माप तोंडातल्यापेक्षा थोडं कमी येतं, म्हणून डॉक्टरांना आकड्याबरोबर कुठे मोजलं तेही सांगा. आणि माप न विसरता सांगा: "अडतीस पॉइंट नऊ सेल्सिअस". तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ किंवा त्याहून जास्त ताप आला तर घरी हिशोब करत बसू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

बहुतेक डिजिटल थर्मामीटर एका मापातून दुसऱ्यात बदलता येतात. सुरू करायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की पडद्यावरचं चिन्ह बदलतं. काहींना वेगळी कळ असते, ती डब्यातल्या कागदावर दाखवलेली असते. करोनाच्या काळात घेतलेल्या कपाळावर धरायच्या यंत्रांत आणखी एक भानगड आहे. त्यांत शरीराचं आणि वस्तूच्या पृष्ठभागाचं अशी दोन मापनं असतात. पृष्ठभागाच्या मापनावर लावलेलं यंत्र तापलेल्या माणसालाही ३४-३५ दाखवतं, आणि लोकांना वाटतं सेल्सिअस-फॅरनहाइटचा घोळ आहे.

९८.६ या आकड्याकडे जरा थांबून बघा. जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी १८६८ मध्ये माणसाचं सर्वसाधारण तापमान ३७ सेल्सिअस म्हणून मांडलं. तो गोळाबेरीज आकडा होता. त्याचं फॅरनहाइट केलं आणि ९८.६ आलं, आणि तो ".६" बघून पिढ्यान्‌पिढ्या लोकांना वाटलं की हे फार बारकाईने मोजलेलं आहे. निरोगी माणसाचं तापमान सकाळी कमी, संध्याकाळी जास्त असतं. ९८ ला घाबरायचं नाही आणि ९९ लाही नाही. माप बदलल्याने आकड्यात नसलेला नेमकेपणा येत नाही. मूळ आकडा ढोबळ असेल तर उत्तरही ढोबळच ठेवा.

ओव्हन आणि परदेशातल्या कृती

माझी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडून येणारी प्रत्येक कृती "ओव्हन ३५० वर तापवा" अशी सुरू होते. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७६.७ सेल्सिअस. आपल्या ओव्हनच्या बटणावर १७६.७ ची खूण नसते, म्हणून १८० धरा. ३२५ म्हणजे १६३, तिथे १६० किंवा १६५. ३७५ म्हणजे १९०. ४०० म्हणजे २०४, तिथे २०० बस्स. ४५० म्हणजे २३२, तिथे २३०. घरच्या ओव्हनचं स्वतःचंच तापमान पाच-दहा अंश वरखाली होत असतं, त्यामुळे दशांशामागे धावण्यात वेळ घालवू नका.

इंग्लंडला गेलेल्या नातेवाइकांच्या कृतीत "गॅस मार्क ४" असं काहीतरी येतं. तो तिथल्या गॅसच्या ओव्हनच्या बटणावरचा आकडा. २५० मध्ये मार्कची २५ पट मिळवा, फॅरनहाइट मिळतं. मार्क ४ म्हणजे २५० अधिक १००, म्हणजे ३५०, म्हणजे पुन्हा आपला १८०. मार्क १ च्या खाली हा नियम लावू नका.

पंख्याचा ओव्हन असेल तर कृतीपेक्षा २० सेल्सिअस कमी ठेवा, असा सल्ला सगळीकडे मिळतो. इथेच सगळ्यात मोठी चूक होते, म्हणून तिच्यासाठी वेगळा भाग.

तापमान वेगळं, तापमानातला फरक वेगळा

"२० सेल्सिअस" म्हणजे ६८ फॅरनहाइट. पण "२० सेल्सिअसने कमी करा" म्हणजे ६८ ने कमी करा असं नाही, ३६ ने कमी करा. फरक म्हणजे पायऱ्यांची संख्या. मोजणी कुठून सुरू झाली याच्याशी तिचा काही संबंध नसतो, म्हणून ३२ चा प्रश्नच येत नाही. नुसतं १.८ ने गुणायचं.

ही चूक विद्यार्थी करतात आणि छापील बातम्यांतही ती मी वाचलेली आहे. पृथ्वीच्या सरासरी तापमानातली वाढ १.५ सेल्सिअसच्या आत ठेवायचा प्रयत्न करायचा, असं २०१५ च्या पॅरिस करारात म्हटलंय. त्याचं फॅरनहाइट २.७ आहे. गणकयंत्रात १.५ टाकलं की ते ३४.७ सांगतं, कारण त्याला तुम्ही वाचन (म्हणजे थर्मामीटरवर दिसणारा आकडा) विचारताय की फरक, हे कळत नाही. तेवढी वाढ झाली तर पृथ्वीवर काय उरेल याचा क्षणभर विचार केला तरी चूक पकडता येते.

आपल्या किनाऱ्यालाही हे लागू आहे. हवामान खात्याच्या निकषानुसार किनारपट्टीवर उष्णतेची लाट जाहीर व्हायला कमाल तापमान निदान ३७ सेल्सिअस लागतं आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त असावं लागतं. पहिला आकडा वाचन आहे, त्याचं ९८.६ होतं. दुसरा फरक आहे, त्याचं ८.१ होतं, ४०.१ नव्हे. आणि तो पहिला आकडा पुन्हा वाचा. ३७, म्हणजे आपल्या शरीराचंच तापमान. हवा तेवढी तापली की अंगातली उष्णता हवेत सोडायला घामाशिवाय वाट उरत नाही, आणि गोव्याच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही. मैदानी मुलखात ४० ची अट असताना आपल्याला ३७ ची का, असं मुलं विचारायची, तेव्हा मी त्यांना मे महिन्यातली बसमधली दुपार आठवायला सांगायची.

केल्विन: बल्बच्या डब्यावरचं माप

तिसरा जिना पायथ्याच्या खूप खालून सुरू होतो. उणे २७३.१५ सेल्सिअसच्या खाली जाताच येत नाही, कारण तिथे पदार्थातून आणखी काढून घेण्यासारखी उष्णता उरत नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ मध्ये याच पायावरून मोजायची कल्पना मांडली. केल्विनची पायरी सेल्सिअसएवढीच, फक्त सुरुवात खाली. म्हणून रूपांतर सगळ्यात सोपं: सेल्सिअसमध्ये २७३.१५ मिळवा. २७ सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन, अशी गोळाबेरीज खूण ठेवा. केल्विनला अंश म्हणत नाहीत आणि आकड्यावर ते छोटं वर्तुळही काढत नाहीत, १९६७ पासूनचा हा संकेत आहे. २०१९ पासून केल्विनची व्याख्या पाण्यावर अवलंबून नाही, ती बोल्ट्झमन स्थिरांकाच्या, म्हणजे तापमान आणि ऊर्जा यांना जोडणाऱ्या आकड्याच्या, ठरवून दिलेल्या किमतीवर बांधलेली आहे. स्वयंपाकघरात याने काही बदलत नाही.

रोजच्या जगण्यात केल्विन भेटतो तो एलईडी बल्बच्या डब्यावर: २७०० किंवा ६५००. हे बल्ब किती तापेल याचं माप नव्हे, उजेडाच्या रंगाचं आहे. एखादी वस्तू तापवत नेली तर ती २७०० केल्विनला पिवळसर प्रकाश देते, ६५०० ला निळसर पांढरा. जुन्या बल्बची तार खरोखरच सुमारे २७०० केल्विनला तापायची, म्हणजे सुमारे २४०० सेल्सिअस. देवघराला आणि झोपायच्या खोलीला २७०० घ्या, ओट्यावरच्या कामाला ६५००.

दुप्पट-तिप्पट म्हणायचं असेल तर तेही केल्विनमध्येच. ४० सेल्सिअस हे २० च्या दुप्पट गरम नाही. २० म्हणजे २९३ केल्विन, ४० म्हणजे ३१३. वाढ सात टक्क्यांच्याही आत आहे.

रँकिन आणि रेओम्युर ही आणखी दोन मापं जुन्या पुस्तकांत सापडतात. रँकिन म्हणजे फॅरनहाइटच्या पायऱ्या, पण केल्विनच्या पायापासून मोजलेल्या, त्यासाठी फॅरनहाइटमध्ये ४५९.६७ मिळवायचे. रेओम्युरमध्ये पाणी ८० ला उकळतं, म्हणून ते १.२५ ने गुणलं की सेल्सिअस.

आणि काजूच्या भट्टीवर "ग्राव किती?" असं विचारतात ते यातलं काहीच नाही. पोर्तुगीज भाषेतल्या अंश या अर्थाच्या शब्दावरून तो आला, पण तो हुर्राक-फेणीच्या कडकपणाचा अंश आहे. पारा आणि ग्राव यांचं रूपांतर करायला जाऊ नका.

थर्मामीटर खरं बोलतोय का?

माप बदलणं बिनचूक जमलं आणि मुळात थर्मामीटरच दोन अंश खोटा असला तर सगळी मेहनत वाया. स्वयंपाकाचा थर्मामीटर घरी तपासता येतो. बर्फाचा चुरा काठोकाठ भरून त्यात थोडंसंच पाणी घाला, ढवळा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि टोक मध्यावर धरा. ० किंवा ३२ यायला हवं. मग खळखळ उकळत्या पाण्यात, भांड्याच्या तळाला टोक न लावता, १०० किंवा २१२ येतं का बघा. समुद्रसपाटीला राहणाऱ्यांना ही सोय आहे. चोर्ला घाटात, सुमारे ८०० मीटरवर, तेच पाणी ९७ च्या आसपास उकळेल, कारण दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी होतो. तापाचा थर्मामीटर मात्र उकळत्या पाण्यात कधीही घालू नका. काचेचा फुटेल आणि पारा सांडेल, डिजिटल कायमचा जाईल.

आता हात बसण्यासाठी थोडा सराव. आधी स्वतः करा, मग पुढे वाचा. एसी २४ सेल्सिअसवर आहे, फॅरनहाइट किती? ४८ मधून ४.८ गेले, ४३.२, अधिक ३२, उत्तर ७५.२. गीझर १४० फॅरनहाइटवर लावलाय, सेल्सिअस किती? १४० अधिक ४० म्हणजे १८०, भागिले १.८ म्हणजे १००, वजा ४०, उत्तर ६०. ताप सकाळी १०३ होता, दुपारी १०० झाला, सेल्सिअसमध्ये किती उतरला? हा फरक आहे: ३ भागिले १.८, म्हणजे सुमारे १.७. लसीची पेटी २ ते ८ सेल्सिअसमध्ये हवी आणि आतला थर्मामीटर ५० फॅरनहाइट दाखवतोय, चालेल का? पन्नास म्हणजे दहा. चालणार नाही.